पोळ्यांच्या डब्यातलं शहाणपण

माझ्या थोरल्या साडूंइतका सावकाश माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. त्यांच्याशेजारी ठेवलं असतं तर कासव उतावळं वाटलं असतं. गंमत अशी, की या गृहस्थांचा उभ्या जन्माचा व्यवसाय वेगाचा होता. ठाण्याच्या एका मोटारींच्या कारखान्यात ते संशोधन विभागात होते. इंजिनाने कधी किती पेट्रोल प्यावं, किती हवा घ्यावी, कधी जोर करावा आणि कधी आवरतं घ्यावं, हे ठरवणारी यंत्रणा बनवणं हे त्यांचं काम. त्याला ते नियंत्रणशास्त्र म्हणत आणि ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, 'यांचं ते नसतं खूळ' म्हणत. आमची ही त्यांना भाऊजी म्हणायची म्हणून मीही भाऊजीच म्हणायला लागलो. ते मला साडू म्हणत, तेही 'सा' आणि 'डू' यांच्यामध्ये एक श्वास घेऊन.

कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी भाऊजी मनातल्या मनात तीन आकडे मोजत. ओठ हलायचे, त्यामुळे समोरच्यालाही मोजता यायचे. फोनवर मात्र ओठ दिसत नाहीत, त्यामुळे निम्मी माणसं 'लाइन कट झाली वाटतं' म्हणून फोन ठेवून देत. ताईंना बघायला आले होते तेव्हा सासऱ्यांनी घाबरत घाबरत विचारलं, मुलगी पसंत आहे ना? भाऊजींनी मोजायला सुरुवात केली. प्रश्न मोठा, म्हणून तीनावर भागलं नाही, वीसपर्यंत गेले. तेवढ्यात सासऱ्यांनी धोतराच्या सोग्याने दोनदा कपाळ पुसलं, सासूबाई आत जाऊन देवापुढे हात जोडून आल्या, आणि भाऊजींच्या स्वतःच्या वडिलांनी त्यांच्या पायावर पाय दिला. मग आवाज आला, "आहे." पुढे मी त्यांना याबद्दल छेडलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले की आत आलेला प्रत्येक संदेश खरा नसतो, त्यात गोंगाट मिसळलेला असतो, तो आधी गाळायचा आणि मग हलायचं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे मी काय, गाळून उरलेली का?" याचं उत्तर भाऊजींनी अजून मोजायला घेतलेलं नव्हतं.

त्यांच्या शास्त्राशी माझी पहिली गाठ मोरीत पडली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, माझं लग्न नुकतंच झालेलं, आणि डोंबिवली पूर्वेला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आम्ही राहायला गेलेलो. त्यांच्याकडे नवा गॅसचा गिझर आणि वर शॉवर, दोन्ही अपूर्वाईचे. मी गरम नळ सोडला, पाणी गारच आलं. आणखी सोडला, गारच. पुरा सोडला, आणि मग पाठीवर असा चटका बसला की मी गार नळ शेवटपर्यंत फिरवला, त्याबरोबर हिमालय अंगावर आला. परत गरम, परत बोंब. अशा तीन फेऱ्या झाल्यावर दाराबाहेरून शांत आवाज आला. भाऊजी स्टूल घेऊन बसले होते, माझ्या किंकाळ्यांमधलं अंतर घड्याळावर मोजत.

"साडू, नळ तुम्ही आत्ता फिरवलात. अंगावर पडतंय ते मघाचं पाणी आहे. थोडंसं फिरवा आणि थांबा."

मी थांबलो, आणि खरोखर पाणी कोमट झालं. बाहेर आलो तेव्हा पाठ लाल होती आणि भाऊजींच्या वहीत माझ्या आंघोळीचा आलेख तयार होता, वर खाली, वर खाली, शेवटी सपाट. खाली लिहिलं होतं, 'उतावळा चालक'. ती वही पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना दाखवली जात असे.

घरातली एकही गोष्ट या शास्त्रातून सुटली नव्हती. ताईंच्या आमटीत सोमवारी मीठ जास्त झालं की त्या मंगळवारी हात इतका आखडत की आमटी अळणी, मग बुधवारी समुद्र. भाऊजींनी भिंतीवरच्या कालनिर्णयासारख्या एका कॅलेंडरावर आठवडाभर मिठाच्या टिंबाटिंबांची रेघ काढली आणि शनिवारी ताईंना समजावलं की चूक दिसली म्हणून ती एका दमात पुरी दुरुस्त करायची नसते, निम्मीच करायची, उरलेली निम्मी उद्या बघायची. ताईंनी ते लक्ष देऊन ऐकलं. रविवारी ताटात आमटीच्या वाटीऐवजी ते कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलेलं होतं. भाऊजींनी तीन मोजले आणि भात ताकाशी खाल्ला.

दुसरा नियम पुढचं पाहण्याचा. भाऊजी म्हणत, दहा पावलं ठरवायची, टाकायचं एकच, आणि मग पुन्हा नव्याने दहा ठरवायची. ऐकायला उत्तम. पण या नियमाने आम्ही एकदा टिटवाळ्याच्या गणपतीला निघालो. भाड्याची मोटार, चालवायला भाऊजी, मागे आम्ही. प्रत्येक नाक्यावर ते गाडी बाजूला घेत, उरलेल्या रस्त्याचा पहिल्यापासून विचार करत, आणि पुढच्या नाक्यापर्यंतच जात. ठाकुर्लीचं फाटक उघडं दिसलं तर लांबूनच वेग कमी करत, कारण आपण पोचेपर्यंत ते पडेल. आणि त्यांच्या त्या वेगाने ते पडतच असे. टिटवाळ्याला पोचलो तेव्हा नैवेद्यासाठी गाभाऱ्याचं दार लागलेलं होतं. ताई पायरीवर बसून म्हणाल्या, "बाप्पाने तरी किती वाट बघायची?"

या सगळ्या जगात भाऊजी एकाच माणसाला आपल्या बरोबरीचा शास्त्रज्ञ मानत. तो होता खाडीवरचा एक कोळी, दर रविवारी ताईंना ताजी कोळंबी आणून देणारा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. भाऊजी दारातच त्याला आपला विषय समजावून सांगत आणि तो टोपली डोक्यावर तशीच ठेवून ऐके. एकदा ऐकून झाल्यावर म्हणाला, "सायेब, सुकान मारला का होरी लगेच वलत नाय. आन् वलली नाय म्हनून तू अजून मारला, त ती गेली खरकाव." सुकाणू, होडी आणि खडक यांचं हे शास्त्र भाऊजींनी जसंच्या तसं वहीत उतरवलं. म्हणाले, परदेशातून मागवलेल्या जाडजूड पुस्तकात हीच गोष्ट सांगायला चाळीस पानं लागली आहेत.

आणि याच वहीतून, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम उभं राहिलं. कारखान्याच्या एका जुन्या चाचणीच्या मोटारीत त्यांनी अशी यंत्रणा बसवली की पायाखालचं पेडल आणि इंजिन यांच्यात थेट दोरी उरली नाही. पाय काय म्हणतोय ते आधी एका इलेक्ट्रॉनिक डब्याला कळे, डबा विचार करी, आणि मग इंजिनाला हुकूम देई. डबा म्हणजे खरोखरच डबा. उष्णता लागू नये, दमट हवा शिरू नये, झाकण घट्ट बसावं, असं भांडं भाऊजींना बाजारात मिळेना, म्हणून ताईंचा माहेरून आलेला पोळ्यांचा ॲल्युमिनियमचा डबा एका सकाळी बोनेटखाली गेला. ताई महिनाभर पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवत होत्या आणि फडकं उलगडताना दर वेळी मोटारीचं नाव घेत होत्या.

डब्याचा मोठा गुण हा, की तो शिकत असे. चालवणाऱ्याच्या पायाची सवय तो टिपून ठेवी. आपल्याकडे रस्त्यात खड्डे, खड्ड्यात चाक गेलं की पाय पेडलवर आपोआप आपटतो आणि इंजिन उगाच डरकाळी फोडून पेट्रोल जाळतं. भाऊजींचा डबा अशा वेळी म्हणे, हे या माणसाच्या सवयीतलं नाही, हा पाय नव्हे, हा खड्डा. आणि तो हुकूम गाळून टाकी. शिकलेलं सगळं डब्याच्या आठवणीत राही, आणि ती आठवण जिवंत राही गाडीच्या बॅटरीतून येणाऱ्या एका बारीक तारेवर. तार सुटली की पाटी कोरी. त्यामुळे बॅटरी बदलायची वेळ आली की भाऊजी आधी शेजारी दुसरी बॅटरी ठेवत, तारांनी जोडत, आणि मगच जुनी काढत. आजारी माणसाचं सलाइन बदलावं तशी ही पूजा चाले.

सहा महिने ते ती गाडी डोंबिवलीहून शीळ फाटा, मुंब्रा, कळवा या रस्त्याने ठाण्याला नेत आणि आणत. वेग ताशी पंचवीस. सायकलवाले पुढे जाताना वळून बघत, कुणी आजारी आहे का म्हणून. सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर मी. आधी तिथे वजनासाठी वाळूची पोती होती, पण भाऊजींचं म्हणणं पडलं की पोती वळणावर घाबरत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष खरे येत नाहीत. मी घाबरत असे.

मग तो दिवस आला. गाड्यांसाठी परदेशी कंपनीचा तयार डबा आणायचा की भाऊजींचा घ्यायचा, हे त्या दिवशी ठरणार होतं. आणि परदेशी डबा आला तर भाऊजींचा विभागच बंद होणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. तीन टेबलं आणि एक स्टँडवर चढवलेलं इंजिन एवढाच तो विभाग, पण भाऊजींनी बारा वर्षं त्यात घातली होती. आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. तीन मोजून म्हणाले, "साडू, उद्या रजा टाका. डब्याला तुमच्या वजनाची सवय झालीय. तुम्ही नसलात तर तो गोंधळेल." मी बँकेत पोटदुखी कळवली आणि कारखान्याच्या फाटकाशी हजर झालो. ताईंनी भाऊजींना इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला टिळा लावून पाठवलेलं. डब्यालाही लावला होता, तो मला नंतर दिसला.

मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असे. भाऊजी चालकाच्या बाजूचं दार उघडून आत बसणार, तोच साहेब म्हणाले की मी स्वतः चालवून बघतो. भाऊजींनी मोजायला सुरुवात केली. दोनापर्यंत पोचले तेव्हा साहेब आत बसून काच खाली करत होते.

सपाटीवर सारं ठीक चाललं. कळव्याच्या खाडीपुलाचा चढ आला. चढ तो केवढा, पण साहेबांना इंजिनाचा जोर बघायचा होता. त्यांनी पेडल एकदम तळापर्यंत दाबलं. डब्याने सहा महिन्यांत असा पाय पाहिलेलाच नव्हता. त्याने भाऊजींच्या पायाच्या सगळ्या आठवणी चाळल्या आणि निकाल दिला की हा खड्डा आहे. गाडी पंचविसाच्या गतीने, वरातीतल्या घोड्यासारखी मान ताठ ठेवून चढत राहिली. साहेबांनी पाय उचलला, परत आपटला. डबा म्हणाला असेल, बापरे, केवढा हा खड्डा. मागे ट्रकवाल्याने भोंगा धरला. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला शेजारून गेला आणि साहेबांकडे बघून हसला. साहेबांचे कान तांबडे झाले.

"हे इंजिन आहे की सरकारी कचेरी?" ते म्हणाले. "अर्ज दिला, आता वाट बघा."

पूल ओलांडल्यावर त्यांनी गाडी एका टपरीपाशी थांबवली. उतरताना म्हणाले, मी चहा घेऊन येतो, तोवर काय करायचं ते करा, एकदा परत बघेन आणि मग ठरवेन. ते गेले. भाऊजींनी बोनेट उघडलं. कुंकवाचा टिळा लावलेला पोळ्यांचा डबा शांतपणे उन्हात चमकत होता.

मी यंत्रातला माणूस नाही, पण सहा महिने मागच्या सीटवर बसून एक गोष्ट मलाही कळली होती. मी हत्यारांच्या पेटीतून पाना काढला आणि बॅटरीवर वाकलो. म्हटलं, "भाऊजी, तार काढू का? मिनिटभरात पाटी कोरी होईल. कोरा डबा साहेबांचा पाय निमूटपणे ऐकेल. चहा संपायच्या आत परत लावतो."

भाऊजी मोजायला लागले. मी टपरीकडे बघत होतो. साहेबांनी कप घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला. भाऊजी मोजतच होते. ताईंना पसंत करताना लागले होते त्याहून जास्त आकडे गेले असतील. साहेबांचा चहा संपत आला.

"नको, साडू," ते म्हणाले. "तो चुकला नाही. सहा महिने मी त्याला एकच माणूस दाखवला. चूक माझी, आणि पाटी त्याची पुसायची?"

त्यांनी बोनेट हलकेच लावलं. साहेब आल्यावर त्यांना विनंती केली की पेडल जरा हळूहळू दाबावं, दोन दिवसांत डबा त्यांचा पाय ओळखायला लागेल. साहेब हसले. खरंच चांगले हसले. म्हणाले, गाडी विकत घेणाऱ्याने आधी दोन दिवस तिच्याशी ओळख वाढवायची का? भाऊजींकडे याचं उत्तर असेल, पण ते तीनापर्यंत पोचायच्या आत साहेब मागून आलेल्या कारखान्याच्या दुसऱ्या गाडीने निघून गेले होते.

परदेशी डबा आला. विभाग बंद झाला, तीन टेबलं तीन दिशांना गेली, आणि निवृत्तीपर्यंत भाऊजी दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासत राहिले. चाचणीची गाडी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ती भंगाराच्या भावात मागून घेतली. मला वाटलं, आता हे खचणार. पण पुढच्याच रविवारी खाली भोंगा वाजला, गाडी उभी, आणि भाऊजी मागच्या सीटवर पोत्यांच्या जागी. म्हणाले, "एकाच मास्तरकडे शिकल्याने या डब्याचं नुकसान झालं. साडू, तुम्ही चालवा."

त्यानंतर डोंबिवली पूर्वेत ज्याला म्हणून गाडी चालवता येत होती त्या प्रत्येकाने ती गाडी चालवली. मी चालवली, आमच्या हिने चालवली, इमारतीच्या सेक्रेटरींनी चालवली. तांडेलाला तर भाऊजींनी सन्मानाने बोलावून मोकळ्या मैदानात स्टिअरिंगवर बसवलं. तो दोन फेऱ्या मारून उतरला आणि म्हणाला, "गारी बरी हाय तुजी. होरीवानी समजूतदार." भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखान्याने बारा वर्षांत असं प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

आणि मग पन्नाशीच्या ताई चालवायला शिकल्या. पहिल्याच महिन्यात कळलं की त्या भन्नाट चालवतात. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला निघालो तर ताईंनी शीळ फाट्याचं वळण असं घेतलं की मागच्या सीटवर भाऊजी आणि मी एकमेकांच्या गळ्यात पडलो. भाऊजी मोजायचं विसरून लगेच म्हणाले, "अगं, हळू." त्यांच्या तोंडून विनाविलंब निघालेले हे दोनच शब्द मी ऐकले. डबा मात्र दोघांकडूनही शिकत होता. काही महिन्यांनी गाडी ना ताईंच्या वेगाने पळे, ना भाऊजींच्या वेगाने रांगे, मधलीच एक छान चाल तिने धरली. भाऊजी कौतुकाने सांगत की पंचवीस वर्षांच्या संसारात जे आम्हाला जमलं नाही ते पोळ्यांच्या डब्याला जमलं. ताई म्हणत, "माझाच डबा आहे तो."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा भाऊजी गेले. सगळं आयुष्य सावकाश काढलेल्या माणसाने हे एक काम मात्र कुणाला तीन मोजायलाही वेळ न देता उरकलं. दुपारी आलेख काढत बसले होते, संध्याकाळी नव्हते.

तीन-चार महिन्यांनी ताईंचा फोन आला. गाडी सुरू होताना कण्हायला लागली होती. मी गेलो. स्टेशनजवळचा बॅटरीवाला नवी बॅटरी घेऊन आला, बोनेट उघडून बसला आणि जुनीच्या तारेला पाना लावला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, थांब, आधी दुसरी शेजारी ठेवून जोड, मग ही काढ. तो वैतागला. म्हणाला, "काका, दोन मिनिटं करंट गेला तर काय बिघडतंय? एवढं काय ठेवलंय या डब्यात?" ताई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे. ते सांगतायत तसं कर." मग मीच वाकून तारा धरल्या. आयुष्यात कुठलीही गोष्ट मी इतकी सावकाश केली नसेल.

बॅटरी बसली. नीट चालते का बघावं म्हणून आम्ही ठाण्यापर्यंत चक्कर मारायची ठरवली. मी चालवत होतो, ताई शेजारी. कळव्याच्या पुलाचा चढ आला आणि मी पेडल दाबलं. काही झालं नाही. इतक्या जणांच्या पायाखालून गेली तरी गाडीने ती एक सवय सोडली नव्हती. मी उतावळा चालक, आणखी दाबणार, तेवढ्यात ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा जरा," त्या समोर बघतच म्हणाल्या. "विचार करतायत ते."

मी पाय तसाच ठेवला. एक, दोन, तीन. आणि गाडी चढाला लागली.